विहिरीचं वळण

व्हिडिओ एक मिनिट आठ सेकंदांचा आहे आणि तो मी आत्तापर्यंत दहा वेळा पाहिला. सकाळी साडेसातला जयराजच्या मित्रानं 'मालदीव बारा' या ग्रुपवर टाकला. खाली अंगठे, टाळ्या आणि कुणाच्या तरी बायकोनं पाठवलेला उडता मासा. मी तेव्हा डाळिंब सोलत होते. आटपाडीहून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाठवलेल्या पेटीतलं. बोटांना रस लागला होता म्हणून करंगळीनं व्हिडिओ सुरू केला. तलावाचं निळं पाणी, वरच्या गॅलरीतून घेतलेलं, आणि त्यात जयराज, माझा नवरा. बावन्न वर्षांचा, पोट सुटलेला, डोक्याला रबरी टोपी. आज त्यांचा शिकण्याचा चौथा दिवस. ती टोपी बघून मला आधी हसूच आलं. मग ते पोहू लागले. चार हात मारले, पाचवा मारला, आणि हळूहळू डावीकडे वळत जाऊन दोरीला धडकले. कुठून तरी मास्तरांचा आवाज आला, सर, सरळ जायचं, सरळ. ते सरळ झाले, पुन्हा पाच हात, पुन्हा डावीकडे. मग मास्तर थांबा म्हणाले, आणि ते थांबले. खोल भागात, मधोमध, हातसुद्धा न हलवता, नुसत्या पायांवर पाण्यात उभे. माझ्या हातातलं डाळिंब अर्धं सोललेलं तसंच राहिलं. काहीतरी फार वाईट झालंय एवढंच आधी कळलं, काय ते नंतर.

आमच्या आटपाडीकडे पोरं विहिरीत शिकतात. माणगंगा आहे, पण तिला नदी म्हणायचं ते तिचा मान राखायला. पाठीला गोड्या तेलाचा मोकळा डबा बांधायचा आणि ढकलून द्यायचं. मला आबांनी सातव्या वर्षी ढकललं. गोल विहिरीत सरळ जाणार कुठं? भिंत उजव्या हाताला ठेवायची, दमलं की कपारीत बोटं घालायची, आणि डावीकडे वळत वळत गोल फिरत राहायचं. अंगाला ते वळण बसतं आणि मग जाता जात नाही. कॉलेजसाठी सांगलीला आल्यावर मी पहिल्यांदा तलावात उतरले, तर दर पाच हातांनी शेजारणीच्या अंगावर. तिथल्या बाईंनी विचारलं, विहिरीवरची का गं तू? विहिरीवाल्या सगळ्या अशाच येतात, डावीकडे कलत. मला सरळ व्हायला तीन महिने लागले. चार दिवसांपूर्वी जन्मात पहिल्यांदा पाण्यात उतरलेला माणूस गटांगळ्या खाईल, कडेला लोंबकळेल, नाकातोंडात पाणी गेलं म्हणून मास्तरांना शिव्या देईल. तो डावीकडे वळणार नाही. वळायला आधी विहीर लागते, आणि तीही बरीच वर्षं लागते.

आणि माझ्या नवऱ्याला पोहता येत नाही. माझा रक्तगट मला जसा माहीत आहे तसं हे मला चोवीस वर्षं माहीत आहे. मी ते लोकांना सांगत आले आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावावर सगळे होडीत बसले की मी आधीच म्हणायची, ह्यांना नको, ह्यांना पाण्याची भीती आहे. मग जयराज काठावर पिशव्या सांभाळत मक्याचं कणीस खात बसायचे आणि आमची मुलगी अंकिता होडीतून त्यांना हात करायची. दोन हजार एकोणीसच्या पुरात आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत पाणी आलं. बोट आली तेव्हा जयराजचे गुडघे लटलटत होते, आणि मी बोटीवरच्या जवानाला म्हणाले, त्यांना मध्ये बसवा, त्यांना पोहता येत नाही. माझा आवाज केवढा मोठा होता तेव्हा. अख्ख्या गल्लीनं ऐकला असेल. जयराज खाली मान घालून बसले होते आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. तो हात आता मला माझा वाटत नाही. मी तो सिंकखाली धुतला, डाळिंबाचा रस गेला, तरी धूत राहिले.

मालदीवच्या बोटीचं खूळ या सगळ्याला कारण. जयराजची सांगलीत ठिबक सिंचनाच्या सामानाची एजन्सी आहे. साताऱ्यापासून सांगलीपर्यंतचे सहा डीलर एकमेकांचे दोस्त आहेत आणि दरवर्षी सहाही जोडपी मिळून परदेशात जातात. थायलंड झालं, दुबई झालं, बाकूला जाऊन कुडकुडत फोटो काढून झाले. यंदा आमच्या अंकितानं बंगळुरूहून फोनवर सांगितलं की हॉटेलं काय बघता, अख्खी बोटच भाड्यानं घ्या. ती स्वतः अंदमानला जाऊन पाण्याखाली उतरायला शिकून आली आहे, तेव्हापासून जमिनीवरचं तिला काही आवडत नाही. लांबच्या समुद्रात जाणारी पोलादी बोट, सहा खोल्या, बारा पाहुणे, चौदा नोकर, पाण्याखाली श्वास घ्यायच्या नळकांड्यांत हवा भरायचं यंत्र, रोज नव्या बेटापाशी नांगर. खाली पाण्यात कासवं आणि बोटीएवढे मासे. वर बाकीचं सगळं आपल्या मर्जीचं. आमच्या ग्रुपवर महिनाभर चर्चा झाली ती मात्र बोटीवर ज्वारीचं पीठ न्यायचं की नाही, आणि कोरेगावच्या वहिनींचा शनिवार कसा सांभाळायचा, याची. चौदा डिसेंबर बोटीवर येतो, आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. बोटवाले कडक होते. ज्याला पाण्याखाली उतरायचंय त्यानं फॉर्म भरायचा, पोहता येतं का, कितव्या वर्षी शिकलात, न थांबता किती अंतर जाता, सोबत पोहतानाचा व्हिडिओ. जयराज म्हणाले, मी आपला वर बसेन. मित्रांनी चेष्टा केली, ठिबकचा माणूस, ह्याला थेंबाथेंबानंच पाणी लागतं. ते हसले. पण अंकितानं विचारलं, पप्पा, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मम्मी एकटी खाली जाणार का? तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, शिकतो. मी त्या रात्री रडले. अभिमानानं रडले, हे आता लिहायलासुद्धा लाज वाटते.

लग्न डिसेंबरातलं. पुढच्या वर्षी आश्विन अधिक आला आणि जावई म्हणून जयराजना धोंड्याचं जेवण होतं. त्यावर्षी परतीचा पाऊस बरा झाला होता, विहीर वरच्या कपारीपर्यंत भरलेली, आटपाडीत असं दहा वर्षांतून एकदा होतं. माझा भाऊ लालासाहेब, घरात लाला, चौदा वर्षांचा. दाजी आले म्हणून त्याच्या अंगात वारं शिरलेलं. जेवणं झाली, आई आवरत होती, मी चांदीचं ताट पुसत होते, आणि लाला दाराशी उभा राहून म्हणाला, दाजी, चला की, सूर मारून दाखवतो. आई म्हणाली, जेवून लगेच पाण्यात जाऊ नको रे. तो गेला. विहीर आमच्या घरापासून तीन वावरं लांब. लालानं सूर मारला आणि मोटरीच्या पाइपाला बांधलेल्या दोरात त्याचा पाय अडकला. दोनदा वर आला. हे जयराजनीच सांगितलं, पुष्कळ वर्षांनी, एकदाच, की तो दोनदा वर आला आणि दोन्ही वेळा दाजी म्हणाला. जयराज तीन वावरं तुडवत घरापर्यंत पळत आले. आबा धावले, कपड्यांसकट उडी टाकली, दोर दातांनी तोडला. दोर काही जाड नव्हता, सुतळीचा होता. कुणीही पोहणारा माणूस खाली गेला असता तर हातानंसुद्धा सुटला असता. हे तेव्हा सगळे बोलले, पण पोहणारं तिथं कुणी नव्हतं. लालाला बांधावर निजवला होता, त्याच्या नाकातून पाणी येत होतं, आणि जयराज मातीत गुडघे टेकून एकच वाक्य म्हणत होते. मला पोहता येत नाही आबा. मला पोहता येत नाही. आबांनी लालाच्या छातीवरचा हात काढला आणि तो ओला हात जावयाच्या डोक्यावर ठेवला. म्हणाले, "गप ऱ्हावा. तुमचा काय दोष न्हाई त्यात. गप ऱ्हावा."

त्या ओल्या हातावर माझा संसार उभा आहे. मी असं कुणाला कधी बोलून दाखवलं नाही, पण मनात होतं. एखाद्या बापानं जावयाला शिव्या घातल्या असत्या, पोरीला घरी ठेवून घेतलं असतं. माझ्या बापानं स्वतःचा मुलगा बांधावर पडलेला असताना जावयाला सावरलं. पुढे अधिक महिने येत गेले, दर तिसऱ्या वर्षी. आबांनी जयराजना आटपाडीला कधी बोलावलं नाही, ती विहीर त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून. स्वतःच डब्यात धोंडे घेऊन एसटीनं सांगलीला यायचे, इथं वाढायचे, जावयाच्या पाया पडायचे आणि चारच्या गाडीनं परत. विहिरीवर त्यांनी लोखंडी जाळी बसवली. बुजवली नाही, आटपाडीत विहीर कुणी बुजवत नाही. आईचं मात्र वेगळं होतं. अंजना नाव होतं तिचं, जाऊन अकरा वर्षं झाली. ती सांगलीला आली की जावयाला वाढायची, दुसऱ्यांदा भात घालायची, पण डोळ्याला डोळा द्यायची नाही. मी यावरून तिच्याशी भांडले होते. म्हणाले होते, त्यांनी काय मुद्दाम केलं का, त्यांना पोहता येत नाही, तुला त्यांची कीव कशी येत नाही? तिनं ताटं उचलली आणि आत गेली. ते भांडण आज सकाळी माझ्यासमोर येऊन उभं राहिलं आणि मी गॅसपाशी स्टुलावर बसले.

मग मी त्यांच्या बाजूनं विचार करू लागले. पंचवीस वर्षांची सवय आहे, लगेच थोडीच जाते. पोहणाऱ्यालासुद्धा भीती वाटते. परकी विहीर, खाली दोर, वर आलेलं पोर मिठी मारणार, दोघंही जाणार. माणूस थिजतो. थिजला, ठीक आहे, मी समजू शकते, मीही थिजले असते. पण मग पळत येऊन पहिलं वाक्य ते निघालं तोंडातून, आणि एकदा निघाल्यावर ते परत घेता येईना. तिथं मातीत ते घेतलं नाही, तेराव्याला नाही, अंकिता झाली तेव्हा नाही. मग तलावाच्या काठावर पिशव्या सांभाळाव्या लागल्या, मग पुराच्या बोटीत मध्ये बसावं लागलं. गुडघे खरंच लटलटत होते की तेही? चोवीस वर्षं रोज माझ्या शेजारी झोपणारा माणूस पाणी बघून कुठल्या भीतीनं कापत होता, बुडण्याच्या की ओळखलं जाण्याच्या, हे मला माहीत नाही. आणि आता बोटवाल्यांना व्हिडिओ हवा म्हणून त्यांनी शिकण्याचं सोंग घ्यायचं ठरवलं. सावकाश शिकायचं, महिनाभर, सगळ्यांच्या देखत. पण चोवीस वर्षांनी पाणी लागल्यावर अंगानं त्यांचं ऐकलं नाही. अंग विहिरीतलं होतं, ते वळलं. सातारा जिल्ह्यात त्यांच्या आजोळी कोंडव्याच्या मळ्यात तीन विहिरी आहेत, मी स्वतः बघितल्यात, तिथं लग्नानंतर माझी ओटी भरली होती. त्यांच्या आईनं पोरांना विहिरीपाशी कधी जाऊ दिलं नाही असं ते सांगायचे. मी कधी त्यांच्या मामांना विचारलं नाही. का विचारीन?

सव्वाआठला आबांचा फोन आला. पेटी पोचली का, डाळिंबं डागी नाहीत ना, एवढं झाल्यावर ते घुटमळले. अंकितानं त्यांना काल फोनवर सांगून टाकलं होतं. "जावईबापू पवायला जात्यात म्हनं," आबा म्हणाले. मी हो म्हटलं. "कशाला गं? त्यांस्नी नगं पाण्यात उतरवू. बोटीवर बसून वरनं बघतील की." मी म्हटलं, फॉर्म भरायचाय आबा, बोटवाल्यांना लागतो. आबा म्हणाले, "बरं. तू नगं जाऊस तलावावर बघायला." चोवीस वर्षं झाली, तरी माझ्या बापाला वाटतं की पाणी बघून मला लाला आठवेल. माझ्या ओठांवर आलं होतं. आबा, त्यांना पोहता येतं. चार शब्द. त्यांनी जावयाच्या डोक्यावर ठेवलेला हात, दर तिसऱ्या वर्षीचा एसटीचा प्रवास, जाळीखालची विहीर, सगळं त्या चार शब्दांत गेलं असतं. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला आता दुसऱ्यांदा मुलगा गमवायला लावायचा का? आणि नाही सांगितलं तर पुढच्या अधिकात ते धोंडे घेऊन येतील आणि पाया पडतील, ते मी बघत उभी राहायचं का? मी म्हटलं, बरं आबा, नाही जात. फोन ठेवला. मग तो व्हिडिओ दहाव्यांदा पाहिला.

जयराज नऊला आले. केस ओले, डोळे लाल, अंगाला तलावाच्या औषधाचा वास, गळ्यात टॉवेल. मी त्यांना इतकं हलकं कधी पाहिलं नव्हतं, लग्नातसुद्धा. भूक लागली म्हणाले, ग्रुपवर बघितलास का म्हणाले, मास्तर म्हणतात तुम्ही उपजत आहात. बोटं पाण्यानं सुरकुतली होती आणि त्या बोटांनी त्यांनी वाटीतले डाळिंबाचे दाणे उचलून तोंडात टाकले. मला ओरडायचं होतं. मी अंकितानं मेलनं पाठवलेला फॉर्म, जो काल त्यांच्याच ऑफिसातून छापून आणला होता, तो टेबलावर ठेवला. त्यांचं नाव, पत्ता, पासपोर्टचा नंबर मी रात्रीच भरला होता. आता त्यांच्या समोर बसून पुढचा रकाना भरला. पोहता येतं का, येतं. त्याच्या खालचा रकाना, कितव्या वर्षी शिकलात, मी मोकळा ठेवला आणि कागद फिरवून त्यांच्याकडे सरकवला, वर पेन. हसत हसत त्यांनी पेन घेतलं आणि पाचाचा आकडा लिहायला सुरुवात केली, बावन्नचा पाच. मग माझ्याकडे पाहिलं. मी फोनवर तो व्हिडिओ लावला, आवाज बंद करून, आणि ते दुसऱ्यांदा डावीकडे वळतात तिथं थांबवला. एवढंच केलं. त्यांच्या चेहऱ्यावरून रक्त उतरताना दिसलं, खरंच दिसलं, आधी ओठ, मग गाल.

खाली भंगारवाल्याची आरोळी येऊन गेली. जयराजनी तो अर्धा पाच खोडला आणि शेजारी आकड्यात सहा लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं, हात कापला नव्हता. मग कागदाकडे बघतच म्हणाले, "विहिरीच्या तीन पायऱ्या उतरलो होतो मी, संयू. चौथी नाही उतरलो." मला वाटलं होतं की ते नाही म्हणतील, रागावतील, काहीतरी बनवून सांगतील, आणि मी त्याला तोंड द्यायला तयार होऊन बसले होते. या तीन पायऱ्यांना काय तोंड द्यायचं ते मला कळेना. त्यांनी माझा फोन ओढून घेतला. मला वाटलं व्हिडिओ पुसतात. त्यांनी आबांचा नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन फॉर्मवर ठेवला. मी नको म्हणायला हात पुढे केला, पण पलीकडून आबांचा हॅलो आलासुद्धा.

"आबा, जयराज बोलतोय," ते म्हणाले. "मला पोहता येतं."

मला वाटलं आबांना ऐकू गेलं नाही. हल्ली त्यांना डाव्या कानानं कमी येतं. जयराज पुन्हा तेच म्हणाले, त्याच आवाजात, तेव्हा बांधावर म्हणत होते तसंच, फक्त एक शब्द कमी. मग आबा बोलले, अगदी सावकाश, पेरणीचं बोलावं तसं. "ठावं हाय मला. सोयरिकीच्या टायमाला तुमच्या मामानंच सांगितलं हुतं. पोरगं लय पवतंय म्हनला, पाण्यातनं भाईर निगत न्हाई." जयराजनी टेबलाची कड धरली. मी त्यांच्याकडे बघत नव्हते, मी फोनकडे बघत होते. तो ओला हात मला दिसत होता, डोक्यावर ठेवलेला, आणि गप ऱ्हावा, गप ऱ्हावा. मी समजले होते की ते सांत्वन आहे. ते गप राहा असंच सांगत होते. आबा पुढे म्हणाले, "एक ल्योक गेल्ता. ल्येकीचं घर बी जाऊ द्यायचं व्हय? तिच्या आईला त्येवढं बोललो हुतो, दुसऱ्या कुणाला न्हाई." सकाळपासून मी नवऱ्याचा हिशेब लावत बसले होते, आणि लालाच्या जागी इतकी वर्षं ठेवलेली वस्तू मीच होते. माझा संसार, माझं स्वयंपाकघर, माझी डिसेंबरातली बोट.

"संयू हाय का तितं?" आबांनी विचारलं.

जयराजनी माझ्याकडे पाहिलं. मला माहीत नाही मी काय विचार केला, केला असेल असं वाटत नाही. आबांचा आवाज शेवटच्या शब्दाला कापला होता, एवढंच ऐकलं, आणि मी मान हलवली. नाही. पुन्हा हलवली, जोरात, म्हणजे त्यांना नीट दिसावी. जयराज फोनवर वाकले. "नाही आबा," ते म्हणाले, "बाजारात गेलीये." किती सहज जमलं त्यांना. आणि मला.

"मंग बरं हाय," आबा म्हणाले. "तिला कळू द्यू नगासा."

जयराज हो म्हणाले. फोन कुणीच बंद केला नाही. पलीकडे लाईट आली असावी, विहिरीवरची मोटर सुरू झाल्याचा आवाज स्पीकरमधून येत राहिला.